वैनगंगेचं खोरं आणि झाडीपट्टी : लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी भंडारा जिल्ह्यातल्या नदीकाठच्या गावचा. पुण्या-मुंबईचे लोक भेटले की विदर्भ म्हणजे कापूस, संत्री आणि ऊन एवढंच त्यांच्या डोक्यात असते, आणि आता तर आपलीच पोरं नागपूरला शिकायला गेली की गावच्या तलावाबद्दल त्यांना काही सांगता येत नाही. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न एका जागी लिहून ठेवले. जिथं सांगण्यासारखं भरपूर आहे तिथं लांबलं आहे, वाचून घ्या.

वैनगंगा नेमकी कुठून येते आणि कुठं जाते?

मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात मुंडारा नावाचं गाव आहे, तिथं उगम. आधी ती उत्तरेकडं जाते, मग मोठा वळसा घेऊन बालाघाटकडून दक्षिणेला उतरते, गोंदिया जिल्ह्याच्या सीमेवरून भंडाऱ्यात येते, मग पवनी, वडसा, आरमोरी असं करत गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांच्या मधून वाहते. चपराळ्याजवळ वर्धा नदी तिला मिळते आणि तिथून पुढं नाव बदलून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. म्हणजे आमच्या घाटावरचं पाणी शेवटी आंध्रातून समुद्राला मिळते. वाटेत बाघ, बावनथडी, सूर, कन्हान, चुलबंद, गाढवी, खोब्रागडी, कठाणी अशा बऱ्याच नद्या तिला मिळतात.

झाडीपट्टी कशाला म्हणतात?

भंडारा, गोंदिया, गडचिरोली हे तीन जिल्हे आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग, म्हणजे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली ही बाजू. झाडी म्हणजे जंगल, सरळ अर्थ आहे. वऱ्हाडात काळी जमीन, कापूस, तूर. आमच्याकडं पाऊस जास्त, जमीन वेगळी, म्हणून धान, म्हणजे भात. तुम्ही नागपूरहून भंडारा रोडनं निघा, थोड्या वेळात कपाशी संपते आणि धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, सुरू होतात, तिथून झाडी लागली समजा.

हे जिल्हे आधी एवढे नव्हते. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला आणि गोंदिया १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून. त्यामुळं जुन्या कागदात भंडारा जिल्हा म्हटलं की त्यात गोंदिया आलंच, हे लक्षात ठेवून वाचायचं.

इथं इतिहास काय आहे? सगळं जंगलच होतं ना?

हा प्रश्न ऐकला की मला वाईट वाटते, कारण पवनी इथंच आहे. पवनी नदीकाठचं गाव, जुना मातीचा कोट आहे, खंदक आहे, दरवाजा आहे, घाट आहेत, देवळं इतकी की लोक तिला विदर्भाची काशी म्हणतात. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्यानं मिळून तिथल्या जगन्नाथ टेकडीवर खोदकाम केलं आणि खालून बौद्ध स्तूप निघाला, दोन हजार वर्षांहून जुना, कोरलेले दगडी खांब, त्यावर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं, एका खांबावर मुचलिंद नागाचं शिल्प नावासकट. जवळच्या दुसऱ्या टेकडीतही स्तूपाचे अवशेष मिळाले. भार कुळातल्या भगदत्त राजाचा शिलालेख पवनीतलाच, आणि रूपिअम्म नावाच्या महाक्षत्रपाचा खांबही पवनीतलाच. म्हणजे सांची-भरहुत चालू होतं तेव्हा आमच्या नदीवरही माणसं येऊन दगड कोरत होती. आज टेकडीवर गेलात तर फार काही दिसत नाही, ज्या वस्तू निघाल्या त्या बाहेरच्या संग्रहालयांत गेल्या, तरी जाऊन उभं राहण्यासारखी जागा आहे. जवळच रुयाडला आता महासमाधी भूमीचा नवीन मोठा स्तूप आहे, तोही बघून घ्या.

नंतर वाकाटक झाले, त्यांची नंदिवर्धन ही राजधानी म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. मग देवगड (मध्य प्रदेशातलं, कोकणातलं नाही) आणि चांदा म्हणजे चंद्रपूर इथली गोंड राज्यं. देवगडच्या बख्त बुलंद शहानं १७०२ मध्ये नागपूर वसवलं. पुढं भोसले आले. तिसरे रघुजी १८५३ मध्ये वारसाशिवाय गेले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं.

मराठीतलं पहिलं पुस्तक इथं लिहिलं गेलं हे खरं आहे का?

मुकुंदराजांचा विवेकसिंधु शके १११० चा मानतात, म्हणजे इ.स. ११८८. तो वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याला लिहिला असं आमच्याकडचे लोक ठामपणे सांगतात, मराठवाड्यातले लोक अंबाजोगाईचं नाव घेतात, अभ्यासकांत यावर वाद आहे. पण आंभोऱ्याला मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतल्या हरिनाथांची समाधी आहे, टेकडीवर देऊळ आहे आणि खाली पाच नद्यांचा संगम. मी आंभोऱ्याच्याच बाजूनं आहे, लपवत नाही. आता तिथं मोठा केबलचा पूल झाला आहे, रविवारी पाय ठेवायला जागा नसते, पण पूल पाहून लोक तसेच परत जातात, समाधीपर्यंत चढत नाहीत. वर जा.

महानुभाव पंथाचेही धागे इथं आहेत. चक्रधर स्वामींचे शिष्य नीळभट्ट भांडारेकार हे भंडाऱ्याचेच.

मामा तलाव म्हणजे काय? कोणाचे मामा?

माजी मालगुजारी तलाव, त्याचा शॉर्टफॉर्म मामा. इंग्रजांच्या काळात गावाचा सारा वसूल करणारा मालगुजार असायचा आणि तलाव त्याच्या नावावर. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडं आले आणि नाव पडलं माजी मालगुजारी. पण तलाव मालगुजारांनी खोदले असं समजू नका, बरेचसे त्याच्याही कितीतरी आधीचे आहेत. या चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांच्या वर असे तलाव आहेत. लहान असेल तर त्याला बोडी म्हणतात.

हे बांधणारे मुख्य लोक म्हणजे कोहळी. गोंड राजांनी त्यांना तलाव बांधायला आणलं, बनारसकडून आणलं, असं परंपरेनं सांगतात. जो जंगल तोडून तलाव बांधेल त्याला खालची जमीन, असा व्यवहार. नवेगाव बांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, सात टेकड्यांच्या मधल्या खिंडी बुजवून. त्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. आणि कोलू पाटलाचा पुढं देव झाला, कोलासूर देव, टेकडीवर त्याचं ठाणं आहे. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. दुसरीकडं लढाई जिंकणाऱ्याचे पुतळे होतात, आमच्याकडं पाणी अडवणारा माणूस देव झाला.

तलाव कसा चालतो ते सांगतो कारण हे आता नव्या पोरांना माहीत नाही. उताराच्या तोंडाशी मातीची पाळ, आमच्या बोलीत पार. पाणी सोडायची जागा म्हणजे तुडूम. जुन्या तुडुमाला वरपासून खालपर्यंत पायऱ्यांसारखी एकाखाली एक भोकं असतात, प्रत्येकात लाकडाचा गुट्टा ठोकलेला. पाणी जसं खाली जाईल तसा खालचा गुट्टा काढायचा, म्हणजे नेहमी वरचंच कोमट पाणी बांधीत जाते आणि दाबानं पाटही फुटत नाही. आमच्या गावी हे काम करणारे एक म्हातारे बुवा होते, छातीभर पाण्यात उभे राहून पायाच्या अंगठ्यानं गुट्टा चाचपायचे आणि मग बुडी मारून काढायचे, गुट्टा निघाला की पाटात आधी शेवाळ यायचं, मग बोटाएवढ्या मासोळ्या आणि मग पाणी, आम्ही पोरं पाटात ओंजळी लावून बसायचो. जास्तीचं पाणी बाजूच्या सलंगेवरून, म्हणजे सांडव्यावरून, निघून खालच्या गावच्या तलावात जायचं, म्हणजे एक तलाव भरला की दुसरा, अशी माळ. कोणाच्या बांधीला आधी पाणी हे गाव बसून ठरवायचं, आणि ज्यांचा निस्तार हक्क, म्हणजे वापराचा जुना हक्क, लिहिलेला होता त्यांना पाणी फुकट होतं.

आता बऱ्याच तलावांत गाळ भरला, बेशरम नावाची झुडपं वाढली, पोटात अतिक्रमण झालं. तुडुमाच्या जागी लोखंडी गेट बसवलं ते गंजून बसलं की उघडतही नाही आणि बंदही होत नाही. काही गावांनी गाळ काढून, देशी वनस्पती लावून तलाव परत जिवंत केले, त्यात धिवर समाजाचा मोठा हात आहे.

या खोऱ्यात कोणकोणते समाज राहतात?

पुष्कळ. सगळ्यांचं नाव घेता येणार नाही, कोणी राग मानू नका.

गोंड सगळ्यात जुने, खाली दक्षिणेला माडिया, शिवाय माना, हलबा, गोवारी. कुणबी आहेत, त्यात झाडे कुणबी हे इथलेच. तेली, महार म्हणजे आताचे बौद्ध, कोष्टी, कलार, ढिमर-धिवर. पोवार हे माळव्यातून, धारकडून आले, साधारण १७०० च्या आसपास देवगडच्या राजाच्या काळात वैनगंगेच्या खोऱ्यात वसले, गोंदिया-तुमसर-तिरोडा भागात आणि पलीकडं बालाघाटला जास्त. राजा भोजाला मानतात, छत्तीस कुळं सांगतात आणि घरात पोवारी बोलतात. पक्के धान पिकवणारे लोक.

धिवरांबद्दल थोडं जास्त सांगतो. नदी आणि तलाव दोन्हीवर त्यांचं पोट. मासेमारी, डोंगा चालवणं, तलावात शिंगाडा लावणं, उन्हाळ्यात नदीच्या रेतीत डांगर-टरबुजाच्या वाड्या करणं, आणि आरमोरीकडं ऐनाच्या झाडावर कोसा, म्हणजे रानरेशमाच्या अळ्या, पाळणं, हे सगळं त्यांचं. तो कोसा मग मोहाडी-आंधळगाव, नागभीडकडचे कोष्टी विणतात. कोसा साडी दुकानात हजारोंना विकली जाते, पण जंगलात अळ्यांना पाखरांपासून राखत बसणाऱ्या माणसाला काय मिळते ते त्याच्या घरी जाऊन विचारा.

गोवारी म्हणजे गुरं राखणारे, दिवाळीत गायगोधनाला ढाल घेऊन नाचतात. २३ नोव्हेंबर १९९४ ला आपली मागणी घेऊन ते नागपूरला विधानभवनावर गेले आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसं मेली, त्यात बायका-लेकरं होती. नागपुरात त्यांचं स्मारक आहे, तिथल्या उड्डाणपुलाला नावही दिलं. आमच्या भागातली कितीतरी घरं त्या दिवशी रिकामी झाली, म्हणून कोणी गोवारी मोर्च्याचा विषय हलक्यात काढला तर इथं चालत नाही.

झाडीबोली म्हणजे अशुद्ध मराठीच ना?

नाही. हे डोक्यातून काढून टाका. झाडीबोलीत ण नाही, ळ नाही, श-ष नाही, हा तिचा नियम आहे, चूक नाही. डोळ्याचा डोरा, काळ्याचा कारा, पाण्याचं पानी, शेताचं सेत. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीवर आयुष्यभर काम केलं, शब्द गोळा केले, आणि १९९२ पासून झाडीबोलीची साहित्य संमेलनं भरून राहिली, तीही शहरात नाही तर बहुतेक खेड्यातच. मी शाळेत असताना पानी म्हटलं म्हणून छडी खाल्ली आहे. आज तीच बोली लोक स्टेजवर ऐकतात आणि टाळ्या वाजवतात, बरं वाटते.

झाडीपट्टीचं नाटक एवढं फेमस का आहे?

कारण ते अजून चालते, आणि लोक तिकीट काढून पाहतात. दिवाळीनंतर धान कापून पुंजणे लागले, हातात थोडा पैसा आला, की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, शंकरपट होतात म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, आणि त्या रात्री नाटक. रात्री दहाला सुरू होते ते पहाटेपर्यंत. गावातल्या मंडळानं वर्गणी करून वडशाच्या कंपनीला बोलवायचं, वावरात मंडप टाकायचा, खड्डा खणून त्यात स्टेजच्या समोर वाजंत्री बसवायचे, पाहुण्यांनी घर भरून जायचं. लेकी माहेरी दिवाळीला नाही आल्या तरी मंडईला येतात. सोयरिकीही त्यातच जमतात. वडसा म्हणजे देसाईगंज, तिथं नाटक कंपन्यांची ऑफिसंच ऑफिसं आहेत, सीझनमध्ये कलाकाराला एक रात्र रिकामी नसते.

याच्या मुळाशी दंडार, खडी गंमत, डहाका असे जुने लोककलेचे प्रकार आहेत. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा भागातले डॉ. परशुराम खुणे यांनी शेकडो भूमिका केल्या, त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. शंकरपट २०१४ मध्ये कोर्टाच्या बंदीनं थांबले होते, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं परवानगी कायम केली. पट बंद होते त्या वर्षांत नाटकांचाही गल्ला उतरला, कारण माणसं पटालाच यायची आणि नाटकाला थांबायची.

एचएमटी तांदूळ खरंच इथला आहे?

हो, आणि हे प्रत्येक मराठी माणसाला माहीत पाहिजे. दादाजी रामाजी खोब्रागडे, गाव नांदेड, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर. दीडेक एकराचे कास्तकार, शिक्षण अगदी कमी. १९८३ मध्ये त्यांना पटेल-३ जातीच्या धानात दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर. त्या त्यांनी वेगळ्या काढून डब्यात ठेवल्या, पुढच्या वर्षी एका कोपऱ्यात लावल्या, रानडुकरांपासून राखायला काटे लावले, असं करत पाच-सहा वर्षं निवड करत राहिले आणि बारीक दाण्याची, खायला मऊ अशी जात तयार झाली. गावातल्या एकानं जास्त बी पेरलं, धान बाजारात गेलं, व्यापाऱ्यानं नाव विचारलं तर नाव नव्हतं, तेव्हा एचएमटी घड्याळ जोरात होतं म्हणून तेच नाव पडलं. तिथून हा तांदूळ कुठल्या कुठं गेला. त्यांनी यानंतरही अनेक जाती काढल्या. २००५ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते त्यांना पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये फोर्ब्सच्या यादीत नाव आलं, पण या वाणातून त्यांच्या घरात पैसा आला नाही. ३ जून २०१८ ला गडचिरोलीतल्या शोधग्रामच्या (बंग दांपत्याच्या) दवाखान्यात ते गेले. तुमच्या घरी एचएमटी शिजत असेल तर एकदा त्यांचं नाव घ्या.

याशिवाय भंडाऱ्याचा चिन्नोर आहे, त्याला जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाचं सरकारी मानांकन, मिळालं आहे. शिजताना शेजारच्या घरी वास जातो.

बाबासाहेब भंडाऱ्यातून निवडणूक लढले होते का?

हो. १९५२ मध्ये मुंबईत हरल्यावर १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत ते भंडाऱ्यातून उभे राहिले आणि इथंही हरले. आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून त्या सभांच्या गोष्टी ऐकल्या आहेत, बैलगाड्या जुंपून लोक रात्रभर चालत सभेला गेले. हरवलं याची खंत या जिल्ह्याला राहायलाच पाहिजे. दोन वर्षांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली तेव्हा हीच माणसं परत गाड्या जुंपून गेली.

गोंडांचं कचारगड कुठं आहे? आणि बाबुराव शेडमाके कोण?

कचारगड गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेजवळ. डोंगरात मोठी गुहा आहे. गोंडांचे धर्मगुरू पारी कुपार लिंगो आणि देवी जंगो रायताड यांच्याशी जोडलेली ती जागा, गोंडी धर्माचं मूळ ठाणं. माघ पौर्णिमेला पाच-सहा राज्यांतून लोक येतात. पर्यटन म्हणून जाऊ नका, यात्रा आहे, चपला काढून आणि आवाज कमी ठेवून जा.

वीर बाबुराव शेडमाके मोलमपल्लीचे, अहेरीकडचे, जन्म १२ मार्च १८३३. १८५८ मध्ये त्यांनी गोंड-माडिया पोरांची फौज उभी करून इंग्रजांशी लढाई केली. दगाफटक्यानं पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या जेलजवळ पिंपळाच्या झाडाला त्यांना फाशी दिली. वय पंचवीस.

मेंढा-लेखा हे गाव बातम्यांत का येते?

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं लहानसं गोंड गाव. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा त्यांचीच. देवाजी तोफा हे तिथले जाणते माणूस. निर्णय सगळ्यांच्या सहमतीनं घ्यायचा, बहुमतानं नाही, असा नियम. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा आहे आणि पुढं बांबू स्वतः विकायचा हक्कही त्यांनी मिळवला. त्याच भागात डॉ. अभय आणि राणी बंग यांचं शोधग्राम आहे, गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळं घरीच कशी वाचवायची ते त्यांनी करून दाखवलं.

गोसीखुर्दचं काय झालं?

पवनी तालुक्यात वैनगंगेवर ३३ दरवाजांचं धरण आहे. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन. सुरुवातीचा खर्च ३७२ कोटी धरला होता, तो पुढं हजारो कोटींवर गेला. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतली कितीतरी गावं उठली. पाणी काही भागात पोचलं आणि तिथं उन्हाळी धान निघून राहिलं, हे खरं आहे, ते नाकारत नाही. पण ज्यांची वावरं गेली त्यांना नवीन गावठाणात सिमेंटचे रस्ते मिळाले आणि हाताला काम नाही मिळालं. रेतीतल्या डांगरवाड्या पाण्याखाली गेल्या. त्यात नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून या पाण्यात येते, वर हिरवी जलपर्णी पसरते, आमच्याकडं तिला इकॉर्निया म्हणतात, डोंगा पुढं सरकत नाही. धिवर माणूस सकाळी जाळं काढतो तर मासोळीपेक्षा त्यात इकॉर्नियाच जास्त.

२०२० च्या ऑगस्टच्या शेवटी मोठा पूर आला. वर सिवनीकडं संजय सरोवर धरणाचं पाणी सोडलं, खाली आधीच नद्या भरलेल्या, भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी-गडचिरोलीपर्यंत पाणी घुसलं. आमच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ अजून आहे, चुना मारला तरी वर येते.

मार्कंडा पाहण्यासारखं आहे का?

हो, नक्की. चामोर्शी तालुका, गडचिरोली. नदी तिथं वळून उत्तरेला वाहते म्हणून जागा पवित्र मानतात. देवळांवरची शिल्पं पाहून लोक त्याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. कनिंगहॅमनं एकोणिसाव्या शतकात या देवळांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. मुख्य देवळाचं डागडुजीचं काम खूप वर्षं रेंगाळलं, तेव्हा दगड उतरवून ठेवलेले पाहायला मिळाले तर चक्रावू नका. महाशिवरात्रीला मोठी जत्रा असते.

यायचं असेल तर कधी यावं?

रोवणी, म्हणजे धानाची लावणी, पाहायची असेल तर जुलै-ऑगस्ट, पण चिखलाची तयारी ठेवा. बाया एका ओळीत वाकून पऱ्हे, म्हणजे रोपं, लावतात आणि गाणी म्हणतात, ते मोबाईलवर शूट करायच्या आधी विचारा. नाटक, मंडई, पट यासाठी दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. सारस पक्षी पाहायचा असेल तर गोंदियाकडं या, महाराष्ट्रात सारस मुख्यतः इथंच उरले आहेत, आणि ते अभयारण्यात नाही तर कास्तकाराच्या धानाच्या बांधीत घरटं करतात, म्हणून धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चाला, बांधीत उतरू नका. मार्चमध्ये मोह पडतो, तेव्हा पहाटे चारला गावातल्या बाया टोपल्या घेऊन जंगलाकडं निघतात. कोणाच्या घरी थांबलात तर लाखोरीच्या डाळीचे वडे आणि तलावातली मरळ मागा, आधल्या दिवशी सांगून ठेवा म्हणजे जाळं टाकणाऱ्याला निरोप देता येतो.